ग्रानादात शिकायला जाताय? एक सेमिस्टर नको, पूर्ण वर्ष राहा: सप्टेंबर ते जूनचा अनुभव

स्पॅनिश शिकणारी पुण्या-मुंबईची बरीच मुलं हल्ली एका सेमिस्टरसाठी स्पेनला जाण्याचा विचार करतात. मी दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या ग्रानादाला गेले आणि दोन्ही सेमिस्टर राहिले. कुणी विचारलं तर मी एकच सांगते: ग्रानादा निवडा, पण जानेवारीत परत येऊ नका. सप्टेंबर ते जानेवारी तुम्हाला विद्यापीठ मिळतं, भाषा मिळते, थंडी मिळते. हे शहर ज्यासाठी जगतं ते मात्र जवळजवळ सगळं फेब्रुवारीनंतर रस्त्यावर येतं. आणि पहिल्या चार-पाच महिन्यांत कान तयार झालेले नसतील तर ते समोर येऊनही नीट कळत नाही.

माद्रिद किंवा बार्सेलोना का नाही? ग्रानादाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या पुढे आहे आणि त्यात पन्नास हजारांहून जास्त विद्यार्थी. सम्राट पाचव्या कार्लोसने 1531 मध्ये स्थापन केलेलं हे विद्यापीठ गावभर विखुरलेलं आहे. जुनं रुग्णालय, जुने वाडे, मठ यांमध्ये विभाग आणि कचेऱ्या भरतात. घराबाहेर पडलं की विद्यार्थीच दिसतात, सगळं चालत गाठता येतं, आणि पर्यटकांची दोन-तीन ठिकाणं सोडली तर तुमच्याशी कुणी इंग्रजीत बोलत नाही. भाषा शिकायला आलेल्यांसाठी ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची.

अर्थात वर्गातली स्पॅनिश घेऊन आलेल्यांना पहिले काही आठवडे जड जातात. अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ हवेत विरतो, ‘कान्सादो’चं ‘कान्साओ’ होतं आणि अख्खं वाक्य एका दमात संपतं. भाजीवालीचं बोलणं मला नोव्हेंबरच्या सुमारास सरळ कळायला लागलं. वर्गात तोवर अडत नव्हतं, कारण प्राध्यापक सावकाश बोलतात. त्यांना नावाने आणि एकेरीत हाक मारायची असते, हे आपल्या जिभेवर चढायला वेळ लागतो. गुण दहापैकी, पाचला उत्तीर्ण. वर्षाचे साठ क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांचा अभ्यास धरलेला असतो. शिकवणं मला चांगलं वाटलं, गटात करायची कामं मात्र जरा जास्तच.

शहराचं घड्याळ आधी समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन. छोटी दुकानं दोनला बंद होतात ती पाच-साडेपाचला उघडतात. रात्रीचं जेवण नऊनंतर. यामागे नुसती सवय नाही. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या रेषेत आहे, पण 1940 मध्ये हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीने घड्याळं एक तास पुढे नेऊन मध्य युरोपाशी जुळवली आणि ती तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते, त्यामुळे जूनमध्ये ग्रानादात सूर्य पावणेदहाच्या आसपास मावळतो. आपण सात वाजता जेवायला बाहेर पडलो तर उपाहारगृहाची स्वयंपाकघरं बंद असतात आणि उघड्या जागी फक्त पर्यटक भेटतात. रात्री साडेनऊला बाहेर पडलं की आजीआजोबा, बाबागाडीतली बाळं, कॉलेजची मुलं, सगळं गाव एकाच चौकात असतं.

मी रेआलेखो भागात, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, एका वयस्कर बाईंकडे खोली घेऊन राहत होते. दुपारचं जेवण त्यांच्याकडेच. सगळे त्यांना ‘सेन्योरा’ म्हणत, मीही. विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेला फ्लॅट स्वस्त पडतो आणि मजेचाही असतो. पण पहिलं सेमिस्टर तरी एखाद्या घरात राहा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याचं कारण आहे ‘मेसा कामिया’. ग्रानादा सातशे मीटरहून उंचावर आहे आणि डोक्यावर सिएरा नेवादाचा बर्फ, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. जुन्या घरांत गरम हवेची सोय तोकडी. मग बैठकीच्या खोलीत एक गोल टेबल असतं, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड, आणि खाली ‘ब्रासेरो’. तो पूर्वी निखाऱ्यांचा असे, आता विजेचा. कापड मांडीवर ओढून पाय आत घालून बसायचं. घरात ऊब तेवढ्याच एका जागी असल्यामुळे सगळं घर तिथेच गोळा होतं: शिवणकाम, टीव्ही, फोनवर मुलीशी गप्पा, माझा अभ्यास. शेजारीण आली की तीही कापड उचलून पाय आत घालते. त्या टेबलाभोवती मी जेवढी भाषा शिकले तेवढी कुठल्याच वर्गात शिकले नाही. कोण कुणाशी बोलत नाही, मसुरीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घालायचा की नाही, पूर्वी लग्नं कशी ठरत, कुठला संत कुठल्या दुखण्यावर, सगळं कानावर पडतं. 22 डिसेंबरला सकाळपासून नाताळच्या लॉटरीची सोडत लागते. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं एकेक आकडा गाऊन सांगतात आणि घरोघरी ते तासन्‌तास चालू असतं. 31 डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची. सेन्योरांनी माझी द्राक्षं आधीच सोलून, बिया काढून वाटीत ठेवली होती.

खाण्याबद्दल स्पष्ट सांगते. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. अडीच-तीन युरोंच्या पेल्यासोबत छोटी बशी येते, दुसऱ्या पेल्याला दुसरी, आणि तिसऱ्यापर्यंत जेवण झालेलं असतं. दारू घ्यायलाच हवी असं नाही. ‘मोस्तो’ म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस मागा, त्याच्याबरोबरही तापा येतो. पण तापा बहुतेक ठिकाणी निवडता येत नाही, आणि शाकाहारी माणसाची इथे परीक्षा आहे. ‘मांस नको’ म्हटलं की टूना येतो, कारण मासा मांसात धरत नाहीत. पुष्कळदा हॅमचे बारीक तुकडेही त्यात धरत नाहीत. पावट्यांसारख्या शेंगांच्या भाजीत हॅम, साल्मोरेखो या टोमॅटोच्या दाट गार सूपवर हॅम. म्हणून ‘मांस नको, हॅम नको, मासा नको’ असं तिन्ही नावं घेऊन सांगायचं. त्यातूनही उत्तम गोष्टी आहेत. तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवीसारखा उसाचा पाक घालून देतात. मोत्रीलच्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून शतकानुशतकं ऊस होत असे, त्याची ही खूण. बटाट्याचं आम्लेट, पालक-छोले, गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप. सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि शेजारच्या हाएन प्रांताचं ऑलिव्ह तेल. हा नाश्ता मला आजही हवाहवासा वाटतो, आणि त्यात तेलाची कंजुषी करणाऱ्या हॉटेलात मी परत गेले नाही.

जानेवारीची सुरुवात सेमिस्टरवाल्या मुलांची हमखास हुकते, कारण ती सुट्टीत फिरायला गेलेली असतात. 2 जानेवारी 1492 रोजी नासरी या मुस्लिम घराण्याचा शेवटचा सुलतान बोआब्दिल याने ग्रानादा कॅथलिक राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या हवाली केलं. त्या दिवसाचा सोहळा आजही होतो. मिरवणूक कापिया रेआल या राजेशाही प्रार्थनाघरातल्या दोघांच्या समाधीपाशी जाते आणि नगरपालिकेच्या सज्जातून ध्वज फडकवला जातो. खाली चौकात एकीकडे जयघोष असतो, दुसरीकडे हा दिवस साजरा करू नये म्हणणाऱ्यांचे फलक, आणि मध्ये पोलीस. सेन्योरा दरवर्षी जातात. त्यांच्या नातवाला हा सोहळा मुळीच पटत नाही. संध्याकाळी त्याच टेबलाभोवती दोघांचा कडाक्याचा वाद झाला आणि नंतर दोघांनी मिळून रोस्कोन या सणाच्या गोड पावासाठी पीठ मळलं. जुन्या लढायांवरून आजची माणसं कशी भांडतात हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या इतिहासाबद्दल पाहताना आपल्याकडचंही जरा निराळं दिसू लागतं.

आलांब्रा या नासरी सुलतानांच्या किल्ल्याचं तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं. नासरी महालांत शिरण्याची वेळ ठरलेली असते, ती चुकवू नका. पर्यटक एकदा येऊन जातो. तुम्ही वर्षभर आहात, तेव्हा एकदा हिवाळ्यात आणि एकदा मे महिन्यात जा. हिवाळ्यात गर्दी कमी असल्यामुळे भिंतींवरची अक्षरं निवांत पाहता येतात. ‘ईश्वराखेरीज विजेता नाही’ हे नासरींचं घोषवाक्य शेकडो वेळा कोरलेलं आहे, आणि सिंहांच्या कारंज्यावर इब्न झमराकची कविता आहे. मे महिन्यात तिथलं पाणी पाहावं. दार्रो नदी वरच्या अंगाला अडवून पाट काढलेला आहे, आणि पंप नसताना केवळ उताराच्या जोरावर ते बागा, हौद, कारंजी असं खेळत खाली येतं. समोरच्या आल्बाइसीन टेकडीवर आजही जुने हौद दिसतात.

आता वसंत, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

सेमाना सांता म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा. टोकदार टोप्यांनी चेहरा झाकलेली माणसं पाहून अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेची चित्रं आठवतील, पण त्याच्याशी याचा संबंध नाही. प्रायश्चित्त घेणाऱ्याने ओळख लपवावी, ही स्पेनमधली शतकांपूर्वीची रीत आहे. येशूची किंवा मारियेची मूर्ती असलेला लाकडी-चांदीचा अवजड ‘पासो’ खालून माणसं मानेवर वाहतात. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही, पुढचा नायक हाका मारून वळणं सांगतो. अरुंद गल्लीत भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून पासो वळतो तेव्हा सगळी गल्ली श्वास रोखते, आणि मग टाळ्या. बुधवारी रात्री ‘जिप्सींचा ख्रिस्त’ साक्रोमोंते टेकडीच्या चढावर निघतो, वाटेत शेकोट्या पेटलेल्या असतात आणि गच्चीवरून कुणी एकटाच ‘साएता’ हे भक्तिगीत गातो. गुरुवारी मध्यरात्रीच्या मिरवणुकीत दार्रोकाठचे दिवे मालवतात, फक्त मेणबत्त्या आणि एक ढोल. मी धार्मिक नाही, पण त्या रात्री मी रडले, आणि माझ्या शेजारची तशीच धर्म न मानणारी वर्गमैत्रीणही. पुढचे कित्येक दिवस रस्त्यांवर मेण साचलेलं असतं आणि गाड्यांची चाकं त्यावर करकरतात.

3 मेला चौकाचौकांत, अंगणांत लाल कार्नेशनचे क्रूस उभारतात. भोवती तांब्याची भांडी, भरतकामाच्या शाली, निळी-हिरवी फाहालाउसाची मातीची भांडी. त्या दिवशी अनोळखी घरांची अंगणं खुली असतात. खुशाल आत जा.

फ्लामेंको ऐकायचा असेल तर साक्रोमोंतेच्या गुहांमधले कार्यक्रम ठीक आहेत, पण ते पाहुण्यांसाठी बसवलेले. त्यापेक्षा आल्बाइसीनमधली ‘पेन्या ला प्लातेरिया’ गाठा. 1949 मध्ये सुरू झालेली ही स्पेनमधली सर्वांत जुनी फ्लामेंको मंडळी. तिथे ऐकणारे जाणकार असतात. ‘ओले’ कुठे म्हणायचं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, आपल्या मैफलीत समेवर दाद जाते तसं. रोमा म्हणजे जिप्सी लोक 1425 मध्ये स्पेनमध्ये आल्याची पहिली नोंद आहे आणि त्यांच्या भाषेचं मूळ उत्तर भारतात आहे. मी भारताची म्हटल्यावर साक्रोमोंतेतल्या एका आजींनी मला चुलत बहीण म्हणून जवळ बसवून घेतलं. ही ओळख त्यांना माहीत होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

कवी आणि नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का याचं घर पाहायला सगळेच जातात. तुम्ही वीस्नारलाही जा. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, ऑगस्ट 1936 मध्ये, वीस्नार आणि आल्फाकार या गावांच्या मध्ये कुठेतरी त्याला गोळ्या घातल्या, आणि त्याचा देह आजवर सापडलेला नाही. तिथल्या दरीत 2021 पासून विद्यापीठाच्या पथकाने उत्खनन करून त्या काळी मारल्या गेलेल्या अनेकांचे अवशेष बाहेर काढले आहेत. झाडांना नातेवाइकांनी फोटो बांधलेले आहेत. ब्रासेरोभोवती सगळं बोलणाऱ्या सेन्योरा या एका विषयावर मार्चपर्यंत गप्प होत्या. मी तिथे जाऊन आल्यावर त्यांनी स्वतःहून आपल्या मामाबद्दल सांगितलं. जानेवारीत परतले असते तर ते मला कधीच कळलं नसतं. 5 जूनला, लोर्काच्या जन्मदिनी, त्याच्या फुएंते वाकेरोस गावी दुपारी पाच वाजता सभा भरते. फ्रांको गेल्यानंतरच्या वर्षी, 1976 मध्ये, ती पहिल्यांदा झाली. परीक्षा असली तरी जा.

राहता राहिले कागद. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला परदेशी नागरिकाचं कार्ड लागत नाही, म्हणून पुष्कळ जण एकच सेमिस्टर घेतात. पूर्ण वर्षासाठी आल्यावर महिन्याच्या आत कार्डाची प्रक्रिया सुरू करावी लागते, त्याआधी नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि पोलिसांकडची वेळ ऑनलाइन मिळता मिळत नाही. सकाळी लवकर पाहत राहा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. व्हिसाचा अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीच्या अखत्यारीत येतो. दरमहा 600 युरोंची सोय दाखवावी लागते, आणि ग्रानादात तेवढ्यात काटकसरीने भागतं. खोलीला साडेतीनशेच्या आसपास, जेवणासह अर्थात जास्त. घर पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. माझे एका दलालाकडे दोन महिन्यांचे पैसे अडकले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत. मसाले आणि छोटा कुकर घेऊन जा. बाकी डाळी, तांदूळ, कोथिंबीर तिथे मिळतं, आणि जाड लोकरीचे मोजे तिथेच घ्या, आपल्याकडचे त्या थंडीला पुरत नाहीत.