मेशुगा की कल्ट ऑफ लूना: आधी कोण?

उत्तर स्वीडनमधल्या उमेओचं काळोखं, प्रयोगशील संगीत ऐकायचंय, पण सुरुवात कुणापासून करू, असं एका मैत्रिणीने विचारलंय. दोन्ही मेटल बँड त्याच गावचे. मेशुगा १९८७चा, कल्ट ऑफ लूना १९९८चा.

खरा फरक लयीत आहे. मेशुगाच्या आठ तारांच्या गिटारी विषम मात्रांचा तुकडा घोळवत राहतात, वर ड्रम्समधलं सिम्बल (झांज) मात्र सरळ चार मात्रांत चालतं. दोन्ही कधी जुळतात ते शोधण्यातच सगळी गंमत. तबल्याची आवर्तनं मोजायची सवय असलेल्याला समेची वाट पाहण्याचा हा ताण लगेच कळेल. कल्ट ऑफ लूनाची लय साधी आणि संथ. तिथे थरावर थर चढतात, कीबोर्ड मागे धुमसत राहतो.

धीर दोघांनाही लागतो. मेशुगाचा २००५चा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम म्हणजे ४७ मिनिटांची सलग रचना आहे, त्यातले ड्रम्सही वाजवलेले नाहीत, संगणकावर प्रोग्रॅम केलेले. कल्ट ऑफ लूनाच्या २०१३च्या ‘व्हर्टिकल’ अल्बममागे ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाची प्रेरणा आहे. त्यातलं एक गाणं जवळजवळ १९ मिनिटांचं. पण त्यात मधे शांत जागा आहेत, श्वास घेता येतो. मेशुगा तो घेऊ देत नाही.

गायन दोन्हीकडे खरखरीत, ओरडून केलेलं. त्यावरून निवड होणार नाही.

तालाचं कोडं सोडवायला आवडत असेल तर मेशुगा. रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून एका मनःस्थितीत बुडायचं असेल तर कल्ट ऑफ लूना. मैत्रिणीला मी कल्ट ऑफ लूनाच सुचवला, कारण तिला सुरावट लागते.