अपग्रेडनंतर लिनक्स अडलं: दुरुस्ती, रोलबॅक, की फॉरमॅट मारून नवीन?

उबंटू 22.04 वरून 24.04 ला किंवा मिंट 21 वरून 22 ला गेलो आणि मशीन अडलं, असं सांगणारे बेळगावात, निपाणीत, खानापुरात कायम भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, फॉरमॅट मारू काय? विंडोजची सवय आहे, दुसरं काय. लिनक्समध्ये मात्र चार रस्ते आहेत: आहे तिथंच दुरुस्त करणं, टाईमशिफ्टनं (सिस्टमची आधी साठवलेली प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, परत आणणारं टूल) मागं जाणं, होम (तुमच्या फाईलींचं फोल्डर) तसंच ठेवून नवीन टाकणं, नाहीतर डिस्ट्रोच, म्हणजे उबंटू, मिंट अशी लिनक्सची जातच, बदलणं. कुठला धरायचा ते दोन गोष्टींवर ठरतं, एक म्हणजे नेमकं काय मोडलंय आणि दुसरं उद्या सकाळी दहाला त्या मशीनवर कोण बसणार आहे. कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप चार दिवस बंद राहिला तर काय आभाळ कोसळत नाही, पण तहसीलदार ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन, ज्यावरनं आरटीसी उतारे (कर्नाटकातला सातबारा) आणि सेवा सिंधू या सरकारी पोर्टलचे अर्ज निघतात, ते तासभर बंद असलं तरी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय.

म्हणून ठरवायच्या आधी अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा. मशीन चालू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय असेल तर एस्केप मारायची, ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टम सुरू करायची ते विचारणारा, मेनू येतो, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) राहिला असेल तर तो निवडायचा. जुन्या कर्नलनं सगळं नीट आलं म्हणजे भांडण नव्या कर्नलचं आणि कुठल्यातरी ड्रायव्हरचं आहे, फॉरमॅटचा विषय तिथंच संपला. स्क्रीन नुसती काळी असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबा, अक्षरांचं लॉगिन आलं तर सिस्टम जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही. आणि सिस्टम सुरू व्हायच्या आधीच इनिटरॅमएफएसच्या (initramfs) प्रॉम्प्टवर येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा फाईलसिस्टमला मार बसलेला असतो, विशेषतः मधेच लाईट गेली असेल तर, तिथं एफएससीके (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून बघायचं आणि तेच तेच परत होत असेल तर हार्डडिस्कवर संशय घ्यायचा.

दुरुस्ती कुठं परवडते

जिथं एकच गोष्ट मोडलीय तिथं. वायफाय गेलं, आवाज गेला, प्रिंटर बसला, विंडोज मेनूतनं गायब झालं, यातल्या कशासाठीही फॉरमॅट मारणं म्हणजे वेळ वाया, कारण नवीन टाकल्यावर पण तीच अडचण परत तशीच्या तशी समोर येणार.

वायफाय घ्या. जुन्या लॅपटॉपात ब्रॉडकॉमचं कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर डीकेएमएसवर चालतो, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्यानं बिल्ड व्हावा लागतो आणि तो बिल्ड फेल झाला की वायफायचं चिन्हच दिसत नाही. आता ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे, इथं लोक हात टेकतात. मोबाईल यूएसबीनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, अँड्रॉइड असेल तर लिनक्सला वेगळा ड्रायव्हर काही लागत नाही, लगेच नेट येतं, मग ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस पॅकेज परत इन्स्टॉल करा. आणखी एक गंमत म्हणजे सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर असला ड्रायव्हर टाकताना सिस्टम एक पासवर्ड ठेवायला सांगते आणि रिबूटला निळी स्क्रीन येते, मॉक (MOK) मॅनेजमेंटची, तिथं एनरोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते. चहा आणायला गेलात की ती निघून जाते, ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो पण लोड होत नाही, आणि मग माणूस दिवसभर नको तिथं शोधत बसतो.

एनव्हिडियाचं थोडं वेगळं आहे, तिथं आधी कार्ड कुठलं ते बघावं लागतं. फर्मी पिढीच्या कार्डांना 390 हा शेवटचा ड्रायव्हर, त्याचा सपोर्ट 2022 अखेर संपला आणि उबंटू 24.04 मध्ये तो मिळतच नाही. त्यानंतरच्या केप्लर पिढीवाल्यांना 470 मिळतो. आणि आपल्या बाजारातलं लाडकं कार्ड जीटी 730, ते तर दोन्ही चिपमध्ये विकलं गेलंय, डब्यावरनं काय कळत नाही, एलएसपीसीआय कमांड मारा, जीएफ108 दिसलं तर फर्मी आणि जीके208 दिसलं तर केप्लर. फर्मी निघालं तर दुरुस्तीच्या मागं लागू नका, एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाका आणि लिनक्समधल्याच नूव्हो ड्रायव्हरवर चालवा, ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला तेवढं बास होतं. काळ्या स्क्रीनमुळं तिथपर्यंत पोचताच येत नसेल तर ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहून बूट करायचं, तेवढ्या एका वेळेपुरतं ते चालतं.

आवाजाचं लवकर उरकतं. उबंटूनं 22.10 पासून आणि मिंटनं 22 पासून आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाईपवायर घेतलं, अपग्रेडमध्ये कधी कधी दोन्ही अर्धे अर्धे शिल्लक राहतात. पीएसीटीएल इन्फो मारून सर्व्हरच्या नावात पाईपवायर दिसतंय का बघा, नसेल तर पाईपवायर-पल्स आणि वायरप्लंबर टाकून लॉगआउट-लॉगिन.

प्रिंटरबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण सीमाभागातल्या निम्म्या दुकानांचा निर्णय मला वाटतं प्रिंटरवरच ठरतो. एचपीचा लेझरजेट 1020 घ्या, गावोगावी आहे. हा प्रिंटर बंद केला की त्याच्या पोटातलं फर्मवेअर पुसलं जातं, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरनं ते परत भरावं लागतं आणि ते काम एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन करतं. आता हे प्लगइन आणि एचपीएलआयपी यांचं व्हर्जन तंतोतंत जुळावं लागतं. 22.04 मध्ये एचपीएलआयपी 3.21.12 आहे, 24.04 मध्ये 3.23.12, म्हणजे अपग्रेड झालं की जुनं प्लगइन बाद. प्रिंटर लिस्टमध्ये दिसतो, जॉब पण जातो, पण कागद काय हलत नाही. टर्मिनलमध्ये एचपी-प्लगइन चालवायचं, ते योग्य व्हर्जन स्वतःच उतरवून घेतं, प्रिंटर एकदा बंद-चालू करायचा, झालं काम. यासाठी फॉरमॅट मारलेले लोक आहेत ओ, आणि फॉरमॅटनंतर पण प्लगइन टाकावंच लागलं त्यांना.

कॅननचा एलबीपी 2900 मात्र डोकेदुखी आहे. त्याचा सीएपीटी ड्रायव्हर कित्येक वर्षं जुना, त्याला 32 बिटच्या लायब्ऱ्या लागतात, वर सीसीपीडी नावाची सर्व्हिस सुरू राहावी लागते. तुमच्याकडं हा प्रिंटर असेल आणि 22.04 वर तो चालतोय तर अपग्रेडच करू नका, सरळ सांगतो. 22.04 ला 2027 पर्यंत अपडेट मिळणार आहेत, मिंट 21 ला पण. कोण मागं लागलंय?

विंडोज गायब झाल्याचं पण बऱ्याच जणांना होतं, कारण आपल्याकडं ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, भरपूर. लग्नपत्रिका, बॅनर करणारे डीटीपीवाले श्रीलिपीसाठी विंडोज ठेवतातच, आणि नेमकं ते मेनूत दिसलं नाही की घाबरतात. ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या दुसऱ्या सिस्टम शोधणारा प्रोग्राम) बाय डिफॉल्ट बंद असतो, ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाईलमध्ये GRUB_DISABLE_OS_PROBER ही ओळ फॉल्सवर (false) आणायची आणि अपडेट-ग्रब मारायचं, विंडोज परत येतं. उलट प्रकार पण झालाय, ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्याच अपडेटनं बऱ्याच ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरू होईना, एसबॅट व्हेरिफिकेशनचा एरर द्यायचं. म्हणजे दोष दर वेळी लिनक्सच्या अपग्रेडचा असतोच असं नाही.

टाईमशिफ्ट: सगळ्यात झटपट, पण आधी घेतलेलं पाहिजे

मिंटवाल्यांची इथं चैन आहे. मिंटअपग्रेड टूल स्नॅपशॉट घेतल्याशिवाय पुढंच जाऊ देत नाही, म्हणून मिंटवर मागं जायचा रस्ता बहुतेक वेळा उघडा असतो. मशीन अजिबात सुरू होत नसलं तरी मिंटच्या लाईव्ह पेनड्राईव्हवर टाईमशिफ्ट असतंच, ते उघडायचं, स्नॅपशॉट असलेलं पार्टिशन दाखवायचं, रिस्टोर. उबंटूवाल्यांनी टाईमशिफ्ट स्वतः टाकलेलं असलं तरच हे जमतं आणि बहुतेकांनी टाकलेलं नसतं.

दुरुस्तीच्या समोर ठेवलं तर हिशेब असा, की रोलबॅकमध्ये डोकं लागत नाही, काय मोडलं ते कळलं नाही तरी चालतं, पण तुम्ही परत होता तिथंच येता. दुकानाच्या मशीनला नेमकं हेच पाहिजे असतं, रात्री मागं न्यायचं, सकाळी शटर उघडायचं, आणि कारण सावकाश रविवारी शोधायचं. फक्त एक लक्षात ठेवा, टाईमशिफ्ट सिस्टमच्या फाईली मागं नेतं, होममधल्या नाही, म्हणजे तुमचे फोटो, बिलं जागच्या जागी राहतात हे चांगलंच, पण होममधली सेटिंगं, अ‍ॅपलेट, एक्स्टेंशन नव्या व्हर्जननं बदललेली असतील तर ती पण तशीच राहतात आणि डेस्कटॉप थोडा विचित्र वागू शकतो. आणि याला बॅकअप समजू नका, हार्डडिस्क गेली की त्याच डिस्कवरचा स्नॅपशॉट पण गेला.

नवीन टाकायचं कधी

अपग्रेड अर्ध्यात तुटलं असेल तेव्हा. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी भागात लाईटचं काय सांगावं, आणि हजार-दीड हजार पॅकेज बदलत असताना लाईट गेली तर काही जुनी, काही नवी अशी खिचडी होते. आधी रिकव्हरी मोडमध्ये जाऊन डीपीकेजी कॉन्फिगर (dpkg --configure -a) आणि एपीटी फिक्स-ब्रोकन (apt --fix-broken install) या दोन कमांड मारून बघा, पुष्कळदा राहिलेलं काम तिथनं पुढं सुरू होतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बूट पार्टिशन वेगळं आणि छोटं असतं, जुन्या कर्नलनी ते भरून गेल्यामुळं पण अपग्रेड अडतं, जुने कर्नल काढले की सुटतं. पण या कमांडी मारून डिपेंडन्सीचे (एका पॅकेजला दुसरं लागतं त्याचे) नवनवे एरर यायला लागले की तिथंच थांबा. असलं मशीन ओढून ताणून उभं केलं तरी पुढच्या अपडेटला परत बसतं.

होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर नवीन टाकणं म्हणजे दोनेक तासांचा खेळ आहे, इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल निवडून रूट (सिस्टमचं पार्टिशन) तेवढं फॉरमॅट करायचं, होमला माउंट पॉइंट द्यायचा पण फॉरमॅटची टिक काढायची. वेगळं नसेल तर लाईव्ह पेनड्राईव्हवरनं आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी. यात खरा वेळ इन्स्टॉलला जात नाही, नंतरच्या बारीकसारीक गोष्टींना जातो, आणि आपल्याकडं त्या दुप्पट, कारण दोन भाषा. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, कन्नडचा कीबोर्ड, टाइप करायची भाषा बदलणारं आयबस, वर फॉन्ट: देवनागरीला लोहित किंवा गार्गी, कन्नडला गुब्बी, नविलु. फॉन्ट राहिला की सरकारी पत्रातला कन्नड मजकूर उघडतो तर खरा, पण ओळी सरकतात, सहीची जागा दुसऱ्या पानावर जाते. म्हणून फॉरमॅटच्या आधी इन्स्टॉल केलेल्या पॅकेजची यादी काढून ठेवा, मिंटमध्ये बॅकअप टूल आहेच त्याला. बाहेरून जोडलेले पीपीए (जिथनं जादा सॉफ्टवेअर येतं ती ठिकाणं) पण लिहून ठेवा, ते साध्या अपग्रेडमध्येसुद्धा बंद होतात आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर जुनंच राहिलं.

डिस्ट्रो बदलायची काय मग?

नवीन टाकायचंच ठरलं तर हा विचार करायला हरकत नाही, पण वैतागून नको. उबंटू 24.04 ची आयएसओ साधारण 6 जीबीची, मिंट 22 ची 3 जीबीच्या आत, मोबाईल डेटावर उतरवणाऱ्याला हा फरक कळतो. मिंटमध्ये स्नॅप (उबंटूची वेगळी पॅकेज पद्धत) नाही, फायरफॉक्स साधा डेब पॅकेजमधनं येतो, जुन्या हार्डडिस्कवर तो लवकर उघडतो. दोन्हीचा पाया एकच, सपोर्ट दोन्हीला 2029 पर्यंत, म्हणजे उबंटूवर अडलेला ब्रॉडकॉम मिंटवर जादूनं चालेल असं होणार नाही. दुकानाला मी मिंट सांगतो. कारण स्नॅपशॉट, बाकी काही नाही. शिकणाऱ्या पोरांनी, इंजिनिअरिंगवाल्यांनी उबंटूवरच राहावं, त्यांच्या लॅबमधल्या सूचना त्यावरच लिहिलेल्या असतात आणि दुरुस्ती करताना जे कळतं ते फुकटचं शिक्षण.

फेडोरा चांगलं आहे पण एका व्हर्जनला तेराच महिन्यांच्या आसपास सपोर्ट, म्हणजे अपग्रेडला कंटाळलेल्या माणसाला अजून अपग्रेड. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं, शांत आहे, कटकट कमी, सुरुवातीची मांडणी तेवढी स्वतः करावी लागते.

आणि घरात अजून 32 बिटचं जुनं मशीन असेल तर त्याला उबंटू नाही, मिंट 22 नाही, डेबियन 13 नं पण 32 बिटचा इन्स्टॉलर बंद केला. डेबियन 12 टाका, एलटीएस (वाढीव सपोर्ट) धरून 2028 पर्यंत चालेल, आणि त्याला 13 वर न्यायचा प्रयत्न करू नका.