बाण की पत्ता?

मॉरोविंड (२००२) की स्कायरिम (२०११), या दोन व्हिडिओ गेमपैकी कुठला घ्यावा, यावर माझ्या चुलतभावाचं आठवडाभर घोडं अडलंय. ग्राफिक्स सोडा, ते त्यालाही दिसतं. खरा फरक वाट सापडण्यात आहे. स्कायरिममध्ये पडद्यावरच्या कंपासचा बाण नेतो, मॉरोविंडमध्ये कुणीतरी सांगितलेला पत्ता.

बाणाची सोय मी नाकारत नाही. जेवणाआधीच्या पाऊण तासात एक क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामगिरी, उरकायची असेल, तर स्कायरिमच बरा. मॉरोविंडमध्ये तेवढा वेळ नुसता वाट चुकण्यात जातो. सुरुवातीचंच काम घ्या. बालमोरा गावातून निघून नदी ओलांडायची, ड्वेमर नावाच्या लुप्त लोकांच्या जुन्या पुलावरून पलीकडं जायचं, पाइपावरची मूठ फिरवली की आर्कन्गथँड या त्यांच्याच पडक्या जागेचं दार उघडतं. इथवर झकास. आतून जी आणायची ती पझल बॉक्स (कोड्याची पेटी) मात्र शेल्फवर गुपचूप बसलेली असते. माझ्या दोन संध्याकाळी तिनं खाल्ल्या. शिवाय काही पत्ते चक्क चुकलेले आहेत. आपल्याकडं 'ह्ये काय, म्होरंच हाय' म्हणणाऱ्याचं म्होरं तीन किलोमीटरवर निघतं, त्यातलाच प्रकार.

तरी माझं मन बाणावरून उडालं ते एका गोष्टीनं. वैतागून मी स्कायरिममधला बाण बंद केला, म्हटलं आता विचारत विचारत जाऊ. पण विचारणार कुणाला? काम देणारा गुहेचं नाव तेवढं घेतो. कुठल्या दिशेला, कुठल्या ओढ्याच्या वर, हे बहुतेक वेळा कुणी बोलतच नाही. बाण दाखवणारच आहे, मग कशाला तोंड शिणवा! म्हणजे बाण नकोसा झाला तरी सुटका नाही.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून ठोसेघरला फोनवरचा नकाशा लावून गेलो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "सज्जनगडाचा फाटा लागला असेल की, वर जाऊन आलास का?" फाटा कधी मागं पडला, मला पत्ताच नाही. स्कायरिमचंही माझं असंच झालं. उलट तो ड्वेमर पूल आजही डोळ्यांपुढं येतो.

असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) या दुसऱ्या गेममध्ये बाणाऐवजी नुसत्या खुणा सांगणारा एक्सप्लोरेशन मोड आहे, तो मधला मार्ग म्हणून वाईट नाही. ज्याची त्याची आवड, पण मॉरोविंड घेतलात तर ट्रिब्युनल विस्तारासकट घ्या. त्यात जर्नल, म्हणजे सांगितलेली कामं नि पत्ते टिपणारी गेममधली वही, क्वेस्टनुसार लावता येतं. नाहीतर पंधरा दिवसांपूर्वीचा पत्ता शोधायला अख्खी वही चाळावी लागते.