सात दिवसांचं शिबिर की वर्षभरातले शनिवार?

तालुक्याच्या कॉलेजात मी सहा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. पहिली चार वर्षं सगळा भर निवासी शिबिरावर दिला. पुढची दोन वर्षं कॉलेजपासून सहा किलोमीटरवरच्या एका गावात दर शनिवारी मुलांना घेऊन गेलो. आता नव्याने ही जबाबदारी घेतलेले सहकारी विचारतात, गाव कशाने टिकतं हे मुलांना कळावं असं वाटत असेल तर जोर कशावर द्यावा? नियमाप्रमाणे दोन्ही करावंच लागतं. पण आपली ताकद आणि मुलांचा उत्साह यांना मर्यादा असते, त्यामुळे एकाला झुकतं माप द्यावं लागतं.

शिबिराला मी कमी लेखणार नाही. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांनी पहिल्यांदा टिकाव हातात घेतला तो अशाच ठिकाणी. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपणं, पहाटेची प्रभातफेरी, पाळीपाळीने पन्नास जणांच्या भाकऱ्या थापणं यातून जे घडतं ते वर्गात घडत नाही. एका वर्षी तिसऱ्याच दिवशी शाळेची टाकी रिकामी झाली. गावात पाणी एक दिवसाआड यायचं. त्या रात्री मुलांनीच बसून ठरवलं की आंघोळीला माणशी एकच बादली घ्यायची आणि भांडी आधी राखेने घासायची. पाणी मोजून वापरण्यावर मी तासभर बोललो असतो तरी ते इतकं आत गेलं नसतं.

तरीही माझं मन शिबिरावरून उडालं ते तारखेमुळे. आमचं शिबिर सत्र परीक्षा संपल्यावर लागायचं, म्हणजे जानेवारीत. सलग तीन वर्षं आम्ही जानेवारीत वनराई बंधारे बांधले. बंधाऱ्याचं तंत्र सोपं आहे. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे चुकवत ओढ्यात आडवी रचायची आणि मधल्या फटींत माती ठासायची. खर्च जवळजवळ नाही. पण हा बंधारा अडवतो ते पाऊस ओसरल्यावर ओढ्यात झुळझुळणारं पाणी. आमच्याकडच्या ओढ्यांना ते सप्टेंबरअखेरपासून फार तर दिवाळीपर्यंत असतं. तेव्हा अडवलं तर आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो, ज्वारी-हरभऱ्याला एखादं पाणी देता येतं. जानेवारीत ओढा कोरडा ठणठणीत असतो.

तिसऱ्या वर्षी मुलं घामाघूम होऊन पोती रचत होती. काठावरच्या वस्तीवरच्या एक मावशी कळशी घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, पोरं लई राबत्यात. पण पाणी दिवाळीतच गेलं की.” बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. मला मात्र फार लागलं. पाणी वेळेवर कसं अडवायचं हे शिकवायला मुलांना आणलं होतं आणि त्यांच्याकडून कोरड्या ओढ्यात भिंत बांधून घेत होतो. पुढच्या पावसाच्या पहिल्याच पुरात ती पोती वाहून गेली. आमच्या अहवालात मात्र बंधाऱ्यांची संख्या वाढलेली होती.

त्यानंतर शनिवार सुरू केले. योजनेत प्रत्येक मुलाने वर्षाला जे १२० तास काम करायचं असतं ते तीन-तीन तासांनी भरायचे तर चाळीस शनिवार लागतात, आणि सत्राच्या वेळापत्रकात तेवढे मिळत नाहीत. उरलेले तास आम्ही रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी भरले. बंधारा ऑक्टोबरच्या पहिल्या दोन शनिवारांत, परीक्षेच्या आधी, वाहत्या पाण्यात बांधला. पाणी पोत्यांना अडून मागे सरकताना पाहिलं तेव्हा मुलं ओरडलीच.

पण खरं शिक्षण झालं ते विहिरींवर. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि पंधरा दिवसांनी एकदा सहा विहिरींची पातळी मोजून वहीत लिहायला लागलो. एका विहिरीत ऑक्टोबरात नऊ फुटांवर असलेलं पाणी फेब्रुवारीत एकवीस फुटांवर गेलं. दोनशे पावलांवरची दुसरी विहीर मात्र तेवढ्याच दिवसांत पाच फूट उतरली. असं का, हे मुलांनी स्वतः शोधलं. पहिलीच्या शेजारी ऊस होता आणि नवीन बोअर. मग पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावात सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी का घातली, पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद का मांडतात आणि पिकं त्यावरून का ठरवतात, हे सांगताना मला फळा लागला नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन मुलींनी वहीतले तोवरचे आकडे वाचले. ठराव काही झाला नाही. पण सरपंचांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहून घेतले.

या मार्गाला अडचणी आहेत. सुरुवातीला पन्नास मुलं होती, जानेवारीपर्यंत बावीस-तेवीस उरली. काहींना शनिवारी दुकानात कामाला जावं लागतं, त्यांना दोष देता येत नाही. एसटी चुकली की अर्धा वेळ गेला. पहिले दोन महिने गावकरी तुटकच बोलतात. शिबिरात जी मैत्री सात दिवसांत जमते तिला इथे सहा महिने लागतात. गाव वीस-पंचवीस किलोमीटरवर असेल तर हे जमेल असं मला वाटत नाही, तिथे शिबिरच बरं. पण गाव हाकेच्या अंतरावर असेल आणि तुमच्याकडे वीस चिकाटीची मुलं असतील, तर मी तरी शनिवारच धरेन. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणि समाज सहभागासाठी श्रेयांक दिले आहेत. विहिरींची वही त्यातही बसवता येते.

आणि शिबिर त्याच गावात न्या. जानेवारी बंधाऱ्याला उशिराची असली तरी उतारावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले चर) खोदायला आणि झाडांसाठी खड्डे घ्यायला योग्य आहे. रोपं मात्र तेव्हा लावू नका. पहिला चांगला पाऊस झाला की शनिवारी येऊन लावा, म्हणजे पुढच्या शनिवारी कोणतं तग धरून आहे ते मुलांनाच दिसेल.

एक छोटी गोष्ट. गाठींची दोरी कॉलेजात परत नेऊ नका, गावातच ठेवा. आमची पंचायतीच्या कपाटात असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नसताना गावातला आठवीतला एक मुलगा ती काढायचा, सहाही विहिरींवर फिरायचा आणि भिंतीवरच्या आकड्यांखाली खडूने नवे आकडे लिहून ठेवायचा.