ट्यूब ॲम्प की सॉलिड-स्टेट? मी काय ठेवलं

माझ्या टेबलावर जवळपास वर्षभर दोन हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनसाठी सिग्नल वाढवणारे डबे, शेजारी-शेजारी होते. एक काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, म्हणजे ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर-लेस). दुसरा साधा काळा सॉलिड-स्टेट डबा, ट्रान्झिस्टरवाला. हेडफोन सेनहायझर एचडी 600, शिवाय रात्री झोपताना इअरफोन. शेवटी ट्यूबवाला ॲम्प विकला.

बांधणीत ट्यूबवाल्याची बरोबरी नाही. जाड धातूची पाटी, वजनदार पॉवर ट्रान्सफॉर्मर, लोण्यातून फिरावा तसा नॉब. काळा डबा इतका हलका की हेडफोनची पिन उपसताना तोही मागोमाग येतो, एका हाताने दाबून धरावा लागतो. ट्यूब मात्र सणसणीत तापतात. एकदा वायर सरळ करताना मनगटाला चटका बसला तो अजून आठवतो.

आवाजाचं म्हणाल तर एचडी 600 ट्यूबवर लावला की खर्ज भरून येतो, डग्ग्याची घुमक अंगावर येते. यात जादू फारशी नाही. हा हेडफोन नावाला 300 ओहमचा, पण खर्जात त्याचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विजेचा अडथळा, 500 च्या आसपास चढतो. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स शंभरेक ओहम असला की तेवढाच भाग एखाद्या डेसिबलने उचलला जातो. सॉलिड-स्टेटचा शून्याच्या जवळ, त्यामुळे तो काही घालत नाही, काढतही नाही. पहिले दोन महिने मला तो कोरडा वाटला. मग सवय झाली, आणि आता ट्यूबचा खर्ज थोडा सुजलेला वाटतो. कान माझे, तुमचं मत वेगळं असू शकतं.

पण निकाल लागला तो व्हॉल्यूमच्या नॉबवर. मी ऐकतो रात्री, हळू. नॉबच्या आत एकाच दांड्यावर दोन ट्रॅक असतात, डाव्या-उजव्या कानाचे, आणि अगदी खालच्या टोकाला ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत. ट्यूबवाल्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, भरपूर, म्हणून रात्री नॉब घड्याळातल्या आठच्या पुढे न्यायची सोयच नव्हती. तिथे तानपुरा फक्त डाव्या कानात. केसभर पुढे सरकवला की उजवाही उघडायचा, पण तोवर आवाज नको इतका मोठा झालेला. कॉम्प्युटरवरून आवाज कमी करून पाहिला, तर इअरफोनमध्ये मागची घरघर उरली. रोज रात्री तेच. सॉलिड-स्टेटचा नॉबही खाली थोडा वाकडाच आहे, नाही असं नाही. पण त्याला गेनचा स्विच आहे. लो गेनवर नॉब दहा-अकरापर्यंत येतो आणि दोन्ही कान सारखे.

पैशाचा हिशेब मग वेगळा करावा लागला नाही. ट्यूब कधीतरी बदलाव्या लागतात, आणि एकदा बदलायला घेतल्या की वेगवेगळ्या लावून बघायचा नाद लागतो, तो खर्च कुणी धरत नाही. 300 ओहमचे हेडफोन, मोकळ्या आवाजात ऐकणं, दुसरं काही लावायचं नाही, असं असेल तर ट्यूब जरूर घ्या, मजा आहे त्यात. 32 ओहमचे प्लॅनर (सपाट पडद्याचे हेडफोन) असतील तर ओटीएलच्या वाटेला जाऊ नका, त्यांना लागणारा करंट तो देऊ शकत नाही.

दोन्हींपैकी काहीही घ्यायला गेलात तरी सोबत आपले सगळ्यात संवेदनशील इअरफोन न्या. एखादं शांत रेकॉर्डिंग लावा, नॉब शून्यावर आणा आणि हळूहळू वर घ्या. दोन्ही कान एकदम उघडतात का, तेवढं बघा.