नऱ्ह्यातला एम टू चा वायडी बॅच क्लास : साडेतीन स्टार

धाकट्या भावाचा वायडी (इयर डाउन, म्हणजे विषय राहिल्याने वर्ष गेलं) झाला तेव्हा एम टू, म्हणजे फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग मॅथ्स टू साठी हा क्लास लावला होता, फी मी भरली म्हणून रिव्ह्यू पण मीच टाकतेय. नाव टाकत नाही, तिकडे शिकणाऱ्यांना 'सायकल दुकानाच्या वरचा' एवढं सांगितलं तरी कळेल.

ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगवालं कोणी नाही त्यांच्यासाठी, पुणे युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरचे काही विषय राहिले तरी क्रेडिट पुरत असतील तर सेकंड इयरला जाता येतं, पण थर्ड इयरला फर्स्ट इयर ऑल क्लिअर लागतं म्हणजे लागतंच. भावाचं सेकंड इयर ठीकठाक निघालं आणि फर्स्ट इयरचा एकटा एम टू राहिला. झालं, मित्र थर्ड इयरच्या लेक्चरला आणि हे साहेब दुपारी बारापर्यंत अंथरुणात, त्यात आत्याचं रोज फोनवर 'अगं बीसीएला टाका त्याला'.

फी आठ हजार सांगतात, थोडं ताणून धरलं की साडेसहावर येतात. बाहेर मोठ्ठा बोर्ड आहे 'पास नाही तर पैसे परत', पण फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात आहे की एक जरी टेस्ट बुडाली तर गॅरंटी संपली, आणि ताप आलेला चालत नाही, आम्ही विचारलं. काउन्सेलिंगला बसणारी मॅडम तर आल्याआल्या घाबरवते, आता नाही निघाला तर पोराचं करिअर गेलं वगैरे. अहो पोरगं आधीच रात्री झोपत नाहीये, त्याच्यासमोर हे कशाला? दीड स्टार मी तिथेच कापला.

लेक्चर यथातथाच. एका बाकावर चार जण, पंखा फक्त सरांच्या डोक्यावर, आणि मागे बसलं तर फळा दिसत नाही.

पण रविवारची टेस्ट, त्यासाठी हा क्लास लावा. सर पेपर सोबत बसवून तपासतात, आणि अगदी एक्झॅमिनर तपासतो तसे. कर्व्ह ट्रेसिंग घ्या, म्हणजे समीकरणावरून वक्र काढणं, भाऊ सिसॉइड नावाच्या वक्राचा आकार पाठ करून थेट काढायचा आणि आकार बरोबर असून मार्क मिळायचे नाहीत. सरांनी लाल पेनने बाजूला लिहून दिलं, सिमेट्री लिही, ओरिजिनमधून जातो का लिही, तिथल्या टँजंट काढ, अॅसिम्टोट लिही, कर्व्ह कुठल्या भागात आहे ते लिही, आणि आकृती सगळ्यात शेवटी. आकृती वाकडी आली तरी वरच्या ओळींचे मार्क कोणी काढून घेत नाही. डबल इंटिग्रलला ऑर्डर बदलायची असेल तर रीजनची आकृती नसलेला पेपर ते पुढे तपासतच नाहीत, परत देतात. कॉलेजमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण साठ पोरांत एकेकाची वही कोण बघणार.

पेपरचं गणितही त्यांचं पक्कं आहे. 2019 पॅटर्नला एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटचा पेपर, 70 चा, पहिले 10 एमसीक्यूचे आणि मग चार युनिटला 15-15, प्रत्येकाला ऑप्शन. ते म्हणतात आधी स्फिअर, कोन (शंकू), सिलिंडर आणि कर्व्ह ट्रेसिंग हातात घ्या, तिथले प्रश्न ठरलेल्या वळणाचे असतात, बीटा गॅमा आणि ट्रिपल इंटिग्रलकडे नंतर बघू. ज्याला गणित मुळापासून समजून घ्यायचंय त्याला हे अजिबात आवडणार नाही आणि त्याने इथे येऊही नये. ज्याला बाकीचे 30 धरून शंभरात चाळीस पाहिजेत आणि वर्ष वाचवायचंय त्याच्यासाठी आहे हे. आमच्याला 51 पडले, आता थर्ड इयरला आहे, स्वतःपेक्षा लहान पोरांबरोबर बसायला पहिले काही दिवस जड गेलं त्याला, आता त्यांच्याच वर्गाचा सीआर (क्लास रिप्रेझेंटेटिव्ह) झालाय.

अजून दोन गोष्टी. 2024 पासून फर्स्ट इयरचा पॅटर्न बदललाय, तुमचा बॅकलॉग 2019 पॅटर्नचा असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा की त्या पॅटर्नची वेगळी बॅच आहे का, काउंटरवर सगळ्यांना सरसकट हो म्हणतात. आणि नोट्सचे वेगळे 700 मागतील ते देऊ नका, मागच्या प्रश्नपत्रिकांच्याच झेरॉक्स आहेत, त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक घ्या, निम्म्याहून कमीत मिळतं.