काचेचा हायड्रोमीटर: आठ महिने आणि सहा बॅचनंतर

लीड्सला घरी बिअर करायला लागून आठ महिने झाले. बिअरच्या पहिल्या किटबरोबरच सहा पौंडांचा काचेचा हायड्रोमीटर घेतला होता. द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते हा तरंगून दाखवतो. पाण्याचा आकडा 1.000, साखर विरघळली की वाढतो, ती आंबून मद्य झालं की उतरतो. या आकड्याला ग्रॅव्हिटी म्हणतात आणि 0.001 म्हणजे एक अंक. वस्तू चोख आहे. माझी सुरुवातीची मापं चुकली ती नमुन्यापायी.

पहिली बॅच 23 लिटरची. माल्टचा घट्ट अर्क आणि साखर गरम पाण्यात विरघळवून वरून गार पाणी ओतलं, जरा ढवळलं आणि वरचंच वर्ट (आंबवायच्या आधीचा गोड द्रव) मापायला काढलं. आकडा आला 1.028. किटवर 1.040 लिहिलेलं. साखर कमी पडली असं वाटून आणखी अर्धा किलो घालायला निघाले होते! अर्क तळाशी बसलेला होता. लांब दांड्याच्या पळीने तळापासून पाच मिनिटं ढवळल्यावर 1.039 आला.

दुसऱ्या वेळी घाई नडली. 40 अंशांचं वर्ट 1.042 दाखवत होतं. तेच 20 अंशांवर निवल्यावर 1.048. हायड्रोमीटरच्या आतल्या कागदावर तो किती तापमानाला जुळवलाय ते छापलेलं असतं. माझ्यावर 20 आहे, काहींवर 15.5 असतं. आधी ते वाचा.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. सांगलीकडे आमच्या गावच्या डेअरीत लॅक्टोमीटर (दुधाचा हायड्रोमीटर, त्याच्या आकड्याला डिग्री म्हणतात) बुडवायच्या आधी आप्पा हमखास म्हणायचे, "फेस बसू द्या, मग डिग्री बघा." धारोष्ण, फेसाळ दुधाची डिग्री कमी लागते.

बिअरमध्ये मात्र गॅस उलटं करतो. नमुन्यात हायड्रोमीटर सोडला की बारीक बुडबुडे त्याच्या फुग्याला चिकटतात आणि त्याला वर उचलतात. एकदा 1.014 दिसत होतं. नमुना दोन पेल्यांत दहा-बारा वेळा वरखाली ओतला, थोडा वेळ ठेवला, मग नळीत हायड्रोमीटरला बोटांनी गिरकी दिली. बुडबुडे सुटले, तो खाली उतरला आणि 1.010 वर थांबला. डोळा पातळीला आणून वाचायचं. काचेलगत द्रव चढतो ती कड धरायची नाही, सपाट पृष्ठभागाची रेघ धरायची.

चार अंकांसाठी एवढा खटाटोप का? बाटलीत गॅस यावा म्हणून मी लिटरमागे 6 ग्रॅम साखर घालते. ग्रॅव्हिटीच्या मापात ती जेमतेम दोन-अडीच अंक. आंबवण अपुरं असताना बाटल्या भरल्या आणि आत आंबण्याजोगे चार अंक शिल्लक राहिले, तर बाटली फुटू शकते. म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आल्याशिवाय मी बूच लावत नाही.

मद्याचा टक्का काढायला सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131.25 ने गुणते. 1.048 वरून 1.012 म्हणजे 4.7 टक्के. इथल्याच हल शहरातल्या जॉन रिचर्डसनने 1784 मध्ये बिअरवाल्यांना अशी मापं घ्यायला पुस्तकातून शिकवलं, याचा यॉर्कशरमध्ये राहून मला फार आनंद वाटतो.

एक तक्रार आहे. आतला कागद सरकू शकतो. माझा डिस्टिल्ड पाण्यात 20 अंशांना 1.002 दाखवतो, म्हणून दर वेळी दोन अंक वजा करते. रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) दोन थेंब पुरतात, पण मद्य तयार व्हायला लागलं की त्याचा आकडा थेट धरता येत नाही. मी तो सुरुवातीलाच वापरते.

आता 0.990 ते 1.020 एवढ्याच पट्टीचा दुसरा हायड्रोमीटर मागवलाय. त्याच्या रेघा लांब लांब असतात, शेवटचा अंक डोळे न ताणता वाचता येईल.